तारबाबाचा झाकलेला डबा

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल सकाळपासूनच खच्चून भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक लॅपटॉप. कुणाच्या नवऱ्याचा, कुणाच्या मुलीचा, कुणाच्या भावाचा. वापरणारी माणसं गेलेली, आणि मागे राहिलेली ते यंत्र तान्ह्या पोरासारखं धरून बसलेली. कारण तारबाबा मेलेल्या माणसाला त्याच्याच लॅपटॉपवर लिहायला लावायचा!

लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवायचा, कीबोर्डवर काच ठेवायची. "बघा, हात नाही, बोट नाही!" मग टेबलक्लॉथखालून आलेली एक तार लॅपटॉपला लावायची. मागच्या मोठ्या पडद्यावर लॅपटॉपचं चित्र उमटायचं आणि थोड्या वेळाने अक्षरं आपोआप धावायला लागायची. काचेखालची एकही कळ हलायची नाही. आणि हॉलभर हुंदके.

"ही तार नव्हे," बाबा डोळे मिटून सांगायचा, "हा चैतन्याचा क्वांटम तंतू आहे! आत्मा म्हणजे तरी काय? कंपन! मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्यापुढे हात टेकून गेलेत." कोण शास्त्रज्ञ, कधी आले, हे विचारायची सोय नव्हती. शंका घेतली की आत्मा रुसतो म्हणे. मोठा नाजूक आत्मा!

थोरली दातओठ खात बसली होती. शेजारी आई, आईच्या मांडीवर धाकट्या भावाचा लॅपटॉप. धाकटा अपघातात गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. आई इथे यायला लागली तेव्हा थोरली गप्प बसली. म्हटलं, रात्रंदिवस रडतेय बिचारी, मिळू दे तेवढाच आधार. पण मागच्या खेपेला पडद्यावर उमटलं, "आई, तू सुई टोचून घेतेस ती मला इथे लागते." त्या दिवसापासून आईने इन्सुलिन सोडलं. पायाची जखम चिघळत चालली. डॉक्टर ओरडले, थोरलीने हातापाया पडून पाहिलं. "अगं, माझ्या लेकराला लागतं," एवढंच आई म्हणायची आणि बाबाने फुंकून दिलेलं पाणी प्यायची.

आधार कसला, गळा कापत होता मेला!

आईच्या सुईचं बाबाला कुणी सांगितलं? रांगेत पाणी वाटणाऱ्या, "काकू, दमलात? शुगर आहे का हो?" असं विचारणाऱ्या गोडबोल्या बायांनी, दुसरं कोण! एवढं थोरलीला कळत होतं. कळत नव्हतं ते अक्षरांचं. तार तर पडद्याला चित्र पुरवणारी, लॅपटॉपमधून बाहेर जाणारी. मग आत शिरत होतं कोण?

उत्तर मिळालं ते परवा ऑफिसात, तिच्या स्वतःच्या टेबलाशी. रोजच्यासारखा तिने लॅपटॉप ठेवला, एक तार खोचली. टिंग, टिंग, टिंग. पडदा लागला, माउस लागला, कीबोर्ड लागला, चार्जिंग सुरू. सगळं त्या एका तारेतून, कारण तारेच्या पलीकडे डबा होता, डॉक म्हणतात तो, आणि बाकी सगळी यंत्रं त्या डब्याला जोडलेली. तिने कपाळावर हात मारला. ज्या तारेतून चित्र जातं तिच्यातूनच कीबोर्डवर दाबलेलं आत येतं! रोज हेच करतेय मी, आणि तिथे जाऊन तोंडात बोट घालून बसतेय! बाबाने तार लावली की धाकट्याचा लॅपटॉप अगदी असाच वाजायचा.

पण आईला डब्याचं सांगून काय उपयोग? "तुला भावाचा एवढासुद्धा शब्द सोसवत नाही," हे ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून आज सकाळी, आई अंघोळीला गेल्यावर, थोरलीने धाकट्याच्या लॅपटॉपमध्ये एकच गोष्ट केली. कीबोर्डची मांडणी बदलली. तार फक्त कुठली कळ दाबली एवढं सांगते. त्या कळेचं अक्षर कुठलं करायचं, ते लॅपटॉप ठरवतो. आता बसा बडवत!

आईची पाळी आली. काच, तार, टिंग टिंग.

"बाळा," आई पडद्याकडे बघत म्हणाली, "पायाची जखम बरी होईना रे. सुई घेऊ का?"

पडद्यावर अक्षरं धावली. "पगट हूमी कढफ लसज..."

बाबाने एक डोळा उघडला. "आत्मा व्याकुळ झालाय! ही परलोकाची भाषा आहे!"

"मागच्या खेपेपर्यंत मराठी छान येत होतं की त्याला!" थोरली उठली. कुणीतरी फिस्सकन हसलं. "महाराज, सकाळी मी ह्या लॅपटॉपच्या कीबोर्डची मांडणी बदललीय. पडद्यावर नुसता कचरा पडतोय तरी लिहिणारा थांबत नाही. म्हणजे त्याला पडदा दिसतच नाही. कुठे लपवलाय त्याला?"

"हात लावू नका! तंतू तुटेल!"

"तुटू दे!" तिने टेबलक्लॉथ ओढला. खाली काळा डबा. त्यात पडद्याची वायर, चार्जरची वायर आणि नखाएवढा एक तुकडा, बिनतारी कीबोर्डवर दाबलेलं पकडणारा. तिने मागचं दार ढकललं. एरवी दाराशी चपला सांभाळणारा बाबाचा मेहुणा आत बसला होता. मांडीवर कीबोर्ड, कान दाराकडे, बोटं अजून चालूच!

थोरलीने कीबोर्ड हिसकावून बाहेर आणला आणि सगळ्यांदेखत कळा दाबल्या. पडद्यावर अक्षरं पळाली. "हा घ्या तुमचा आत्मा! बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो."

आई मेहुण्यासमोर जाऊन उभी राहिली. "सुई त्याला लागते, हे तू लिहिलंस?"

"मी... दाजी सांगतात तेच लिहितो हो काकू."

"माझं पोर शाळेत लस टोचायला आले की सगळ्यांच्या आधी हात पुढे करायचं. कधी डोळ्यात पाणी आणलं नाही त्याने. तो मला असं लिहील?" आईने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "आणि मला हे एकदाही आठवू नये!"

बाबा पुटपुटला, "श्रद्धेचा प्रश्न आहे, ताई..."

"श्रद्धा?" थोरली ओरडली. "म्हातारीचं औषध तोडायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं?" मग ती लोकांकडे वळली. "तुमचं माणूस गेलंय, रडा, पोटभर रडा. त्यात लाज कसली? पण तुमच्या दुःखाला तार लावायला कुणी आला तर तिचं दुसरं टोक कुठाय ते आधी विचारा. दाखवत नसेल तर उठून घरी जा. आणि डॉक्टरचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, मेलेल्याच्याही नाही!"

आईने धाकट्याचा लॅपटॉप मिटून काखेत घेतला. "सुई आणलीस का गं?"

"पर्समध्येच आहे."

आई बाबाच्याच खुर्चीत बसली. बाही वर सरकवून दंड पुढे केला.

"टोच," ती म्हणाली. "बघू दे सगळ्यांना."