हात कुणाचे

माझ्या नवऱ्याला देव, देश आणि नियमावली या तिघांबद्दल आदर आहे, फक्त उलट्या क्रमाने. नियमावली त्याने स्वतःच लिहिलेली असल्यामुळे हा आदर जरा घरगुती आहे, पण व्हर्लिन स्टकीच्या तोंडावर तसं म्हणायची हिंमत आमच्या अख्ख्या काउंटीत कुणाची नाही. आमच्याकडे मिसूरीत, जत्रेच्या मैदानावर डुकरांचं प्रदर्शन भरतं त्या शेडमध्ये, एक शनिवार सोडून एक शनिवार पंचवीस-तीस बाप्ये जमतात आणि रिमोटवर चालणारे खेळण्यातले ट्रक पळवतात. खेळण्यातले, असं मी म्हणते. ते 'मॉन्स्टर ट्रक' म्हणतात, आणि कुणी खेळणं म्हटलं की त्यांच्या मयत आईला कुणी काही बोलल्यासारखी तोंडं करतात.

ट्रक म्हणजे मांजराएवढा पिकअप आणि त्याला खरबुजाएवढी चार चाकं. तो आज विकत घेतलेला असला तरी दिसायला जुना पाहिजे. एकोणीसशे एकोणनव्वदनंतरचा एक आरसा जरी दारावर दिसला, तरी ट्रक बाद. आत मात्र वाट्टेल ते करा. कणखर गिअर टाका, स्प्रिंगा बदला, चाकांच्या आतून शिशाच्या पट्ट्या चिकटवा म्हणजे वळणावर उलटत नाही. या सगळ्यावर ही माणसं जेवढं बोलतात, तेवढं स्वतःच्या बायकांशी लग्न ठरतानाही बोललेली नाहीत.

नियमावलीत एकूण एकतीस नियम आहेत. त्यातला सातवा व्हर्लिनचा जीव की प्राण. ज्याने ट्रक बांधला त्यानेच तो पळवायचा. दुसऱ्या कुणी स्क्रू जरी पिळला तरी बाद. शर्यतीआधी प्रत्येकाने तपासणीच्या टेबलावर ट्रक ठेवायचा, दोन्ही तळवे शेजारी पालथे टेकवायचे, आणि तपासनीस विचारतो, "हात कुणाचे?" त्यावर "माझे" म्हणायचं. बस्स. तपासनीस अर्थातच व्हर्लिन. वीस वर्षांत त्याने सात जणांना या नियमाखाली बाहेर काढलंय, आणि त्यातला एक आमचा शेजारी डेल्मर फाउच. डेल्मरच्या जावयाने सासऱ्यावर इंप्रेशन मारायला चाकाचा एक नट घट्ट केला होता, आणि डेल्मर भाबडेपणाने ते टेबलापाशी बोलून गेला. अंतिम शर्यत होती ती. डेल्मर पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही. त्याचं नि आमचं गवत कापायचं यंत्र सामायिक आहे, तर ते तो मुकाट्याने कुंपणाला टेकवून ठेवायचा, टाकी रिकामी करून.

या वर्षी मार्चमध्ये व्हर्लिनचे हात थरथरायला लागले. आधी कॉफी सांडली, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरने त्याला एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे आता राहणार म्हणाला. घरी आल्यावर व्हर्लिन थेट तळघरात गेला, बराच वेळ वरती आला नाही म्हणून मी खाली गेले, तर हा टेबलाशी बसलेला. समोर ट्रक उघडा, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई, आणि टेबलाच्या लाकडावर डागच डाग. तार जिथे सांधायची तिथे एकही नाही.

मी म्हटलं, नियम तुझाच आहे, बदल. तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बायको बदल म्हटलं होतं. मग सळई माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू धर. मी सांगतो."

तर अशी मी, चाळीस वर्षं ज्या ट्रकांना नावं ठेवली, त्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी डाग द्यायला लागले. ट्रक तळघरातून माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आला, कारण उजेड तिथे चांगला. व्हर्लिन समोरच्या खुर्चीत बसायचा आणि माझ्या लाकडी डावाने दाखवायचा, ही तार तिकडे, तो स्क्रू अर्धा फेरा मागे. शिकवणं असं होतं की एका दुपारी मी सळई त्याच्या बाजूला करून विचारलं, "तुझ्या मिशीला डाग देऊ का आधी?" तेव्हा तो जरा मवाळ झाला.

या ट्रकला दोन मोटरी असतात, एक पुढच्या आसाला, एक मागच्या. दोन्ही एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या, म्हणून एकीच्या तारा उलट्या जोडाव्या लागतात. सरळ जोडल्या की पुढची चाकं पुढे ओढतात, मागची मागे, आणि ट्रक जागच्या जागी उभा राहून कण्हतो. मी पहिल्यांदा तेच केलं. ट्रक फ्रिजसमोर उभा राहून थडथडायला लागला, आणि व्हर्लिन त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. म्हणाला, ही चूक फक्त नवशिक्या करतो, आणि पुन्हा कधी करत नाही. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची झाली.

हळूहळू मला ते जमायला लागलं, हे कबूल करायला मला लाज वाटते. मोटर खाली बसवावी म्हणजे वजन खाली येतं, हे मीच सुचवलं. व्हर्लिनने तासभर वाद घातला आणि मग तसंच करायला लावलं, स्वतःची कल्पना असल्यासारखं. बोटांना चटके बसले. चर्चमधल्या बायकांना मी सांगितलं की ओव्हनमध्ये ॲपल-पाय भाजताना भांड्याला हात लागला. एवढे ॲपल-पाय मी केले असते तर आमचं चर्च लठ्ठ झालं असतं.

आणि दर शर्यतीला व्हर्लिन टेबलाशी उभा राहून खोटं बोलत होता. स्वतःच स्वतःला विचारणार कसा, म्हणून त्याच्या ट्रकची तपासणी डेल्मर करायचा. डेल्मर विचारायचा, "हात कुणाचे?" आणि व्हर्लिन थरथर दिसू नये म्हणून तळवे टेबलात रुतवून म्हणायचा, "माझे." तेवढा एक शब्द बोलताना त्याची मान लाल व्हायची. ट्रक पळवतानाही थोडा डुलायचा, पण लोक त्याला शैली म्हणायचे. घरी परतताना तो खिडकीबाहेर बघत बसायचा. जिंकला तर जास्तच. मला त्याचा राग यायचा, मग दया यायची, मग दया आली म्हणून माझाच राग यायचा. हात जातायत हे तो गिळू शकत होता. पण लोकांना कळलं की शनिवारही जाणार, आणि शनिवार सोडून त्या माणसाकडे दुसरं होतं काय? मी होते, पण मी काही डुकरांच्या शेडमध्ये पळत नाही.

ऑक्टोबरमधली शेवटची शर्यत. शेडच्या एका टोकाला बायकांनी चिलीची, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याची, पातेली मांडलेली, दुसऱ्या टोकाला मातीचा लंबगोल रस्ता, त्यावर उताराच्या फळ्या आणि चिरडायला मांडलेल्या पत्र्याच्या जुन्या खेळण्यातल्या मोटारी. अंतिम फेरीत व्हर्लिन आणि डेल्मर. त्याआधीच्या फेरीत आमचा ट्रक फळीवरून उडाला, जिंकला, आणि रेषेपलीकडे जाऊन लंगडत थांबला. मागच्या मोटरच्या दोन्ही तारा सुटल्या होत्या. माझेच डाग निघाले होते. डाग माझा, पण लागणार होता त्याला.

दुरुस्तीला दहा मिनिटं मिळतात, आणि ती तपासणीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर करायची. हाही नियम व्हर्लिनचाच, एकोणिसावा. तो टेबलाशी बसला. सळई घेतली. मी हातात चिलीचा वाडगा घेऊन त्याच्या मागे उभी राहिले आणि तो वाडगा तसाच धरून राहिले.

सळईवरून वितळलेला पहिला थेंब टेबलावर पडला. दुसरा त्याच्या बोटावर. त्याने हात झटकला नाही, नुसतं ओठ दाबले. पंचवीस माणसं भोवती होती, आणि एकाएकी प्रत्येकाला आपापल्या ट्रकमध्ये बघण्यासारखं काहीतरी सापडलं. चौथ्या खेपेला तारा चिकटल्या. कशा तरी, पण चिकटल्या. व्हर्लिनने ट्रक जमिनीवर ठेवला आणि रिमोटचा घोडा दाबला.

ट्रक जागच्या जागी उभा राहून कण्हायला लागला. पुढची चाकं पुढे, मागची मागे.

कुणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर व्हर्लिन स्वतः सगळ्यात मोठ्याने हसला असता. त्या शांततेत पलीकडे पातेल्यातली चिली रटरटल्याचं ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, देवा, कुणीतरी हसा रे.

मग डेल्मर खाकरला. म्हणाला की त्याच्या ट्रकची बॅटरी जरा गरम झालीये, त्याला अर्धा तास तरी लागेल, घाई नाही. डेल्मरला आयुष्यात खोटं बोलता आलेलं नाही, म्हणून तर तो त्या नटापायी बाद झाला होता.

"तुझी बॅटरी थंड आहे," व्हर्लिन म्हणाला. "मी मघाशी तपासलीये."

डेल्मर जवळ आला आणि हळू आवाजात बोलला. "व्हर्लिन, हिला करू दे. कुणी बघत नाहीये."

"मी बघतोय ना."

"अरे, कधी नव्हे ते जरा माणसासारखं वाग."

व्हर्लिनने ट्रक उचलून टेबलावर ठेवला. तळवे शेजारी टेकवले, पण या वेळी दाबले नाहीत. ते हलत होते तसे हलू दिले. "विचार," तो म्हणाला.

डेल्मरने टोपी काढून पुन्हा घातली.

"विचार म्हणतो ना. नियम आहे."

"हात कुणाचे?" डेल्मरने जमिनीकडे बघत विचारलं.

"हिचे," व्हर्लिन म्हणाला. "मार्चपासून."

आता तो मला मान देतोय म्हणून माझे डोळे भरून यावेत, तर त्याने लगेच सळई माझ्यापुढे धरली आणि वर बजावलं की सहा मिनिटं उरलीत, उभी काय राहिलीस. मी वाडगा डेल्मरच्या हातात दिला. तारा सोडवल्या, अदलाबदल केली, डाग दिले. दीड मिनिट लागलं. कुणीतरी मागून शीळ घातली, आणि मला, मेलं, बरं वाटलं.

व्हर्लिनने शर्यतीचा कागद ओढला आणि स्वतःचं नाव खोडलं. रेघ सरळ येईना, तर पुन्हा मारली. मग ज्याने बांधला त्यानेच पळवायचा, म्हणून त्याखाली माझं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, मी लिहिते. तो नाही म्हणाला. एवढा वेळ लागला की डेल्मरने माझा वाडगा चाटूनपुसून संपवला. माइकवाल्या वेंडलने तो कागद जवळ धरला, लांब धरला, आणि जाहीर केलं की अंतिम फेरीत डेल्मर फाउचच्या विरुद्ध पळतोय आर्थर स्टकी.

माझं नाव अर्डिथ आहे. कुणी सुधारलं नाही.

पळवणाऱ्याने लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं असतं, आणि तिथे बाकी कुणाला मज्जाव. बाद झालेल्यांनी खाली मातीत उभं राहायचं आणि उलटलेले ट्रक सरळ करायचे. व्हर्लिनला कुणी सांगावं लागलं नाही. तो फळ्यांच्या पलीकडे, ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिला, पाठ ताठ करून, जणू ती बढती होती.

मी आयुष्यात रिमोट हातात धरला नव्हता. दिवा हिरवा झाला, मी घोडा दाबला, आणि आमचा ट्रक पहिल्याच फळीवर टांग वर करून उताणा पडला. डेल्मर पुढे निघून गेला. व्हर्लिन धावला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण धावला. वाकून दोन्ही हातांनी ट्रक धरला, पलटला, आणि मागे सरून मला हाताने खूण केली. धरताना त्याचे हात हलत नव्हते. की मी लांब होते म्हणून मला दिसलं नाही, कोण जाणे.

दुसऱ्यांदा मी पत्र्याच्या मोटारींवर उलटवला. तिसऱ्यांदा वळणावर, शिशाच्या पट्ट्या असूनही, हे कौशल्यच म्हणायचं. दर वेळी व्हर्लिन पोचायच्या आत दुसरा कुणीतरी पोचू शकला असता, पण कुणी हललं नाही. चौथ्या वेळी त्याने ट्रक सरळ केला आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "हळू, बाई. घरी पीठ लाटताना बरी हळू असतेस." सगळी शेड हसली. तोही हसला, घामाने डबडबलेला, टोपी मागे सरकलेली, मातीत घोटाभर.

शर्यत तीन चकरांची, आणि डेल्मरच्या तिन्ही केव्हाच संपल्या होत्या. तो ट्रक पुसून ठेवून कठड्याला टेकून बघत होता. पण चकरा पुऱ्या केल्याशिवाय शर्यत धरत नाहीत, म्हणून मी चालवत राहिले. आता थोडं हाताला बसत होतं. शेवटचं वळण मी चक्क नीट घेतलं. पुढे एकच फळी, मग रेषा. फळीच्या पलीकडे व्हर्लिन जरासा वाकून, हात पुढे करून तयार उभा होता.

पाचव्यांदा ट्रक उलटला, पण चुकून नाही.