गाणं येईपर्यंत

माझ्या नातवाला, सनीला, मुलगी झाली ते २०२४ साल. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या वसाहतीतल्या विहारात तिचं नामकरण केलं. बायांनी पाळणा म्हटला, पण तिसऱ्या कडव्याला सगळ्या अडखळल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. कोणीतरी बोललं, "आज वत्सलाबाई पाहिजे होत्या."

वत्सलाबाई म्हणजे माझा मित्र झुंबर याची बायको. आमची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत विंचूरपासून देवळ्यापर्यंत आम्हाला बोलावणं असायचं. ती गायची, झुंबर ढोलकीवर, मी मागे कोरसला. तिला जाऊन तेव्हा बारा वर्षं होत आली होती.

"त्यांच्या कॅसेटी विहाराच्या कपाटात आहेत की, आबा," चैताली म्हणाली. ही सनीची धाकटी बहीण, माझी नात. अंबडला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. पण मी तिला बाई म्हणतो. ती पहिलीला होती तेव्हाच मी निवृत्त झालो आणि तिच्याच पाटीवर तिच्याबरोबर अक्षरं गिरवली. त्याआधी तीस वर्षं बांधकाम खात्याच्या गँगमध्ये 'पुढे काम चालू आहे' असा फलक धरून रस्त्यावर उभा होतो. फलकावर काय लिहिलंय ते मुकादमानं सांगितलं म्हणून माहीत. दोनदा तो उलटा धरला होता, हेही त्यानंच सांगितलं.

चैतालीनं आणि तिच्या ऑफिसातल्या हर्षलनं महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून कपाटातल्या सगळ्या कॅसेटी, वत्सलाबाईच्या आणि वसाहतीतल्या इतर गाणाऱ्यांच्याही, कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि फोनवर गाणी ऐकायचं एक ॲप बनवलं. जयंतीला ते वसाहतीत सगळ्यांना द्यायचं ठरलं. त्याआधी आम्हा म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये टाकून बघायचं, कुठं अडतं ते कळावं म्हणून.

अडलं ते एकाच जागी. गाणं लावलं की लगेच येत नसे. आमचे फोन जुने, आणि एकेक गाणं म्हणजे कॅसेटची अख्खी बाजू. मिनिट-दीड मिनिट जाई. तेवढ्या वेळात माणसाला काय दाखवायचं यावरून त्या दोघांचं रोज वाजायचं. हर्षलचं म्हणणं, पडद्याच्या मधोमध मोठी चौकट आली पाहिजे. नाहीतर लोकांना वाटतं फोन बंद पडला, आणि ते दहा वेळा बोट मारत बसतात. चैतालीचं म्हणणं, चौकट म्हणजे बोलत्या माणसाच्या तोंडासमोर हात धरणं. कोपऱ्यात एक बारीक चक्र फिरलं तरी पुरे.

पहिल्यांदा हर्षलची चौकट ठेवली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, 'गाणे येत आहे. कृपया थांबा.' आणि खाली बरोबर मधे एक लाल बटण, 'रद्द करा'.

मला ती फार आवडली. हसू नका. जन्मात मला कोणी लिहून 'कृपया' म्हटलं नव्हतं. मी एकेक अक्षर लावत वाचायचो, आणि कधी कधी वाचून व्हायच्या आत गाणं यायचं नि चौकट निघून जायची. मग मला गाण्याचाच राग यायचा. मी हर्षलला सांगितलं, "चौकट राहू दे. फक्त जरा दमानं जाऊ दे तिला."

आठ दिवसांनी झुंबर माझ्याकडे आला. फोन रुमालात गुंडाळून आणला होता.

"भिमाजी, वत्सला येत नाय."

"म्हणजे?"

"सगळ्यांची गाणी लागतात. त्या कोंडाजीचं सुद्धा लागतं, त्याचा आवाज म्हणजे नुसता पत्रा. माझीच बायको गात नाय. आठ दिस झाले, रोज लावतो. रुसली असंल."

"बारा वर्षांनी रुसायला काय झालं?"

"तुला काय ठावं? मेल्यावर टाइमच टाइम असतो."

मी म्हटलं, "बस, माझ्या फोनवर लावतो. आत्ता ऐक."

तो एकदम ताठ झाला. "माझ्या बायकोला मी तुझ्या फोनवर ऐकू? ती मला माझ्या घरी पायजे. चहा पिताना."

मी माझा फोन खिशात ठेवला. नंतर तोच हळू आवाजात म्हणाला, "आवाज इसरत चाललो रे. बोलणं आठवतं, आवाज येत नाय. परवा नातीला विचारलं, तुझी आजी कशी बोलायची? ती म्हणली, मी दोन वर्षांची होते बाबा." रुमाल पुन्हा गुंडाळत तो म्हणाला, "नसंल येत तर ऱ्हाऊ दे. फोन पोराला देऊन टाकतो."

मी तो रुमालासकट ठेवून घेतला. "रविवारी बाई येतील. तोपर्यंत दम धर," म्हटलं.

रविवारी विहाराच्या ओट्यावर आम्ही चौघं बसलो. चैताली म्हणाली, "झुंबरबाबा, तुम्ही रोज जसं लावता तसं लावा. मी काहीच बोलणार नाही."

झुंबरनं ॲपमध्ये वत्सलाबाईचा फोटो शोधला, त्यावर बोट ठेवलं. चौकट आली. झुंबरनं उजव्या हाताचा अंगठा सदऱ्याला दोनदा पुसला आणि चौकटीच्या तळाशी नीट दाबून धरला. चौकट गेली. गाणं काही आलं नाही.

"हे बघ," तो म्हणाला. "आली का?"

"बाबा, तुम्ही रद्द का केलंत?"

"मी कुठं रद्द केलं? कागद आला, अंगठा दिला."

झुंबर हर्षलला समजावून सांगू लागला. "साहेब लोक कागद म्होरं सरकवतात. त्यावर काय लिवलंय ते आपल्याला काय करायचं? खाली जागा असती, तिथं अंगठा द्यायचा. मग काम होतं. रेशनला दिला, दवाखान्यात दिला, पोरीच्या लग्नात दिला. हितंच काम होत नाय."

"पण वर लिहिलंय ना, थांबा," हर्षल म्हणाला.

"तुला लिवलं असंल. मला तर चौकट दिसती. आन् कागद आल्यावर थांबून चालतं व्हय? साहेब खेकसतो."

पहिली चैताली हसली, मग आम्ही सगळे, शेवटी झुंबरही. बिचारा आठ दिवस रोज आपल्या बायकोला स्वतःच्या अंगठ्यानं परत पाठवत होता.

"मी बटण काढून टाकतो," हर्षल म्हणाला.

"बटण काढलं तरी ते अंगठा देणारच," चैताली म्हणाली. "चौकटच नको." तिनं तिथंच लॅपटॉप उघडला, काहीतरी बदललं आणि झुंबरच्या फोनमध्ये टाकलं. आता कोपऱ्यात बोराएवढं चक्र. झुंबरनं गाणं लावलं. पडद्याकडे बघितलं. तिच्या चक्राकडे त्याचं लक्षही गेलं नाही. फोन कानाला लावला, हलवला आणि ओट्यावर पालथा ठेवला. "मेला."

"बघ!" हर्षल म्हणाला.

"तू बघ!" चैताली म्हणाली.

पुन्हा त्यांचं सुरू झालं, मोठी चौकट की बारीक चक्र. मी मास्तरसारखा मधे पडलो आणि चौकटीची बाजू घेतली. त्या गडबडीत कोणाचं लक्ष नव्हतं, पण झुंबरची बोटं ओट्याच्या फरशीवर चालू होती. कंटाळला की तो तेच करतो. धा-तिन, धा-तिन. मला ते इतकं सवयीचं, की मी मान हलवायला लागलो तेव्हा मला कळलं.

झुंबर म्हणाला, "भिमाजी, सांग यांना. वत्सला उभी ऱ्हाईपर्यंत किती येळ घ्यायची?"

"लई! पदर नीट करणार, पाणी पिणार, मग पेटीवाल्याला सूर बदलायला लावणार."

"मग तोवर आपण मंडपात फलक लावायचो का? बाई येतायत, कृपया थांबा?"

"नाही."

"काय करायचो?"

"तू ठेका धरायचास."

"हां. ठेका चालू हाय म्हंजे बाई येणार. एक माणूस उठायचा नाय. तान्ही पोरं सुद्धा गप."

चैतालीनं हर्षलकडे बघितलं. हर्षलनं लॅपटॉप हळूच बंद केला. "ढोलकी कुठंय?" त्यानं विचारलं.

ढोलकी झुंबरच्या माळ्यावर होती. तोंडावरची पुडी सैल पडली होती. ती आवळून, तिच्यावरची शाई तपासून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झुंबरनं विहारात दोन मिनिटं ठेका धरला आणि चैतालीनं तो फोनमध्ये घेतला. आधी तीनदा चुकला. चौथ्या वेळी त्यानं डोळे मिटले आणि मग नाही चुकला.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी चहा ठेवला होता. त्यानं मलाही बोलावलं. "तू कोपऱ्यात बस," म्हणाला. फोटोवर बोट ठेवलं. चौकट आली नाही. आला ठेका, त्याचाच, शहात्तर वर्षांच्या हाताचा. झुंबर निवांत बसला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मिनिटभर गेलं असेल. मग ठेका एकदम तरुण झाला, आणि मला समजलं की आता हा कॅसेटमधला झुंबर आहे, अडतीस वर्षांचा. त्यावर पेटी, आणि कोणीतरी घसा साफ केला.

"अहो, जरा हळू धरा की," वत्सलाबाई ठसक्यात म्हणाली. "मला गायचंय का पळायचंय?"

मांडवातली माणसं हसली, तेही कॅसेटमध्ये होतं. झुंबरनं बशी खाली ठेवली. "बरं बाई," तो फोनला म्हणाला. मग ती गायला लागली, आणि तिसऱ्या कडव्याला मी कोपऱ्यातून कोरस धरला. झुंबरनं मला हाकललं नाही.

माझी चौकट गेली ती गेलीच. पण चैतालीनं पडद्याच्या तळाशी माझ्यासाठी एक ओळ ठेवलीय, 'गाणे येत आहे', आणि गाणं आल्यावरही ती तशीच राहते. मी ती रोज शेवटपर्यंत वाचतो. वसाहतीत कोणत्याही घरी, कोणाचंही गाणं लावलं, कोंडाजीचं सुद्धा, की आधी झुंबरचा ठेका येतो. माणसं बसून राहतात.

वत्सलाबाई २०१२ साली मे महिन्यात गेल्या. झुंबर २० नोव्हेंबर २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, चहानंतर वारला.