हजर असलेला जास्तीचा शिक्षक

आमच्या शाळेत चार वर्ग, एक खोली आणि एक शिक्षक. तो शिक्षक मी. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून चौथीचे भागाकार तपासेपर्यंत दुसरी आणि तिसरीची जुंपलेली असते. म्हणून आणखी एक शिक्षक मागायला मी सातव्यांदा शिक्षण कार्यालयात गेलो.

मोठ्या बाबूंनी यादी उघडली. "अहो गुरुजी, तुमच्याकडे तर तिघं आहेत!"

"बाकीचे दोघं बदली होऊन गेले. त्याला दोन वर्षं झाली."

"यादीत आहेत ना? मुलं अठ्ठेचाळीस, म्हणजे दोन शिक्षक पुरे. उलट एक जास्तीचा निघतोय. त्याला हलवावं लागेल."

"मग त्या दोघांतला एक हलवा की!"

"आदेश हातात देऊन सही घ्यावी लागते. ते हजर कुठे आहेत?" बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हजर होतो, हीच माझी चूक.

आदेश जागच्या जागी टाइप झाला. शाळेचा कारभार उरलेल्या दोन शिक्षकांकडे सोपवून मी उद्याच दुसऱ्या गावी रुजू व्हायचं होतं. तिथेही म्हणे तिघं आहेत.

परत येऊन मी दोन रिकाम्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या आणि एकीवर शाळेची किल्ली ठेवली.

चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, उद्या आम्हाला कोण शिकवणार?"

"दोघंजण," मी म्हणालो. "यादीत तसं आहे."

तिने दोन्ही खुर्च्या नीट पाहिल्या आणि पहिलीची पाटी स्वतःच हातात घेतली.