होडेदाचा घाट

१९६७ च्या डिसेंबरात मी दुबईला एका दुकानात कारकून होतो आणि तिथल्या देरा भागात आमच्या गावच्या जमातीनं घेतलेल्या खोलीत राहत होतो. नऊजण रत्नागिरीकडचे, दहावा सालेह. तो येमेनचा, गलबतं दुरुस्त करणारा सुतार. त्याची बायको आणि मुलगी येमेनच्या राजधानीत, सना शहरात होत्या. येमेनच्या यादवीला पाच वर्षं झाली होती. शहर प्रजासत्ताकाच्या ताब्यात होतं, पण राजाच्या टोळ्यांनी भोवतालचे डोंगर धरून त्याला वेढा घातला होता.

सालेहला वाचता येत नव्हतं. म्हणून मी पुठ्ठ्यावर नकाशा काढून रेडिओवरच्या बातम्या त्यावर मांडू लागलो. चारचौघांत बोलायची मला धास्ती. नकाशावर मान घातली की बरं वाटे.

"काय जनरलसाहेब, आज कुठला डोंगर पडला?" खोलीतला कमरुद्दीन रोज विचारायचा. त्याच्या मते सना आठवड्याभरात पडणार होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी सालेह म्हणाला, "जुम्मे को जेद्दा का लाँच है. उधर से उत्तर का रास्ता पकडेगा, अंदर जाएगा. खलास."

उत्तरेला राजाचीच माणसं होती. तो वाटेतच मारला गेला असता. शेवटी मीच बोललो.

"नको जाऊस, सालेहभाई. सगळे डोंगर बघतायत, तू घाट बघ." मी किनाऱ्यावरच्या होडेदा बंदरापासून वर सनापर्यंत बोट फिरवलं. "हे खाली आपलं कोकण, हा वर देश. आंबा घाट बंद पडला की वरचा बाजार सुना. इथंही तसंच. खालून प्रजासत्ताकाची फौज चढतेय. घाट उघडला की वेढा संपला. दहा दिवस थांब, मग होडेदाला जा."

"लेका, हा तुझा साखरप्याचा आंबा घाट वाटला काय?" कमरुद्दीन हसला.

जन्म गलबतांवर काढलेले खोलीतले म्हातारे मोहिद्दीन तांडेल नकाशाशी वाकले. "हसू नको रे. बंदर ज्याच्या हातात, तो उपाशी मरत नाही. कारकून बरोबर बोलतोय."

जेद्दाची लाँच सालेहशिवाय गेली.

दहा दिवस झाले. वीस झाले. घाट उघडेना. चूक मला उशिरा कळली. माझ्या डोक्यात एसटीनं सकाळी चढायचा आंबा घाट होता, आणि सना तर सात हजार फुटांवर, शंभराहून जास्त मैल लांब. परक्याचं युद्ध मी माझ्या गावच्या मापानं मोजलं होतं. सालेह आमच्याबरोबर एका ताटात जेवायचा थांबला. शहर पडलं, तर दोष माझा होता, एका बापाला मीच दारातून मागे ओढलं होतं.

आठ फेब्रुवारीला कमरुद्दीन धावत दुकानात आला. शेठ समोर असतानाच ओरडला, "जहूर, रस्ता उघडला! सना वाचलं!"

सालेह मिळेल त्या गलबतानं होडेदाला गेला. जाताना मला मिठी मारली.

एप्रिलात होडेदाहून आलेल्या गलबताच्या नाखव्यानं चिठ्ठी आणली. सालेहनं कुणाकडून तरी लिहवून घेतली होती. खोलीत अरबी मलाच वाचता येई.

"दोघी जिवंत आहेत. मुलगी फार वाळलीय. जहूरला सांगा, घाट लांब निघाला, पण वाट तीच होती."

माझा आवाज इतका खोल गेला की कुणाला नीट ऐकू आलं नाही.

"पुन्हा वाच," मोहिद्दीनचाचा म्हणाले. "उभा राहून वाच."

मी उभा राहिलो, आणि दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं.