मरताना घीन म्हटलं होतं

नर्सबाई कागदावर विंग्रजीत काय तरी लिवून गेली. मी प्रांजलला वाचाय लावलं. माझी नात ती, धाव्वीला हाय. मोबाईलात बघून म्हणाली, "आज्जे, अवेकन. अवेकन म्हंजी जागं करणं. आवाज दिला तरी आबा जागं होत न्हाईत, आसं लिवलंय."

मोबाईलात त्या शब्दाखाली नमुन्याची वाक्यं व्हती, ती बी वाचली तिनं. गाडीच्या आवाजानं बाळ जागं झालं. भाषणानं लोकांची मनं जागी झाली. मी म्हटलं, बाळाचं आन् लोकांचं ऱ्हाऊ दे, आबाचं काय करायचं ते हाय का त्यात? तिनं मोबाईल पिशवीत टाकला.

परवा सकाळी वडगाव रासाईला शेळ्यांना पाला टाकता टाकता आमचे मालक पडले. मेंदूत रक्त उतरलंय म्हणत्यात. तवापास्नं शिरूरच्या दवाखान्यात ह्या खाटंवर हायेत. नर्स येती, बाबा, बाबा करती आन् जाती. आमच्या माणसाला जल्मात कुनी बाबा म्हटलं न्हाई, तो का म्हणून डोळं उघडंल? मला लई राग आला. पर तिच्यावर राग काढून काय उपेग.

डाक्टर सरळ बोलला. दुपारच्या फेरीपातुर ओळखीच्या हाकंला जरा जरी हलले, तर पुढं काय करता यील. न्हाईतर घरी न्या.

मग आमी सुरू झालो. प्रांजलनं आबा म्हटलं, पोरगा नवनाथ कानाशी वरडला. मी अवं, अवं, उठा की, म्हणत बसले. शेजारच्या खाटांवरचे दोन म्हातारे वळून बघाय लागले, त्यांच्याबी बायका अवंच म्हणत असणार. ह्यांची पापणी हलंना.

जाता जाता डाक्टर म्हणाला, "मावशी, नावानं हाक मारा."

बेचाळीस वरसं मी ह्यांचं नाव घेतलं न्हाई. लग्नात उखाणा घेतला तेवढाच. मालक लई मागं लागायचे, उखाणा नगं, एकदा नुसतं नाव घे, कसं लागतंय ते ऐकू दे. आन् मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणायची, मरताना घीन. दोघंबी हसायचो.

आता घेतलं तर ते खरं व्हायचं. न घेतलं तर घरी न्या. नवनाथ म्हणाला, आये, घे की. पोराच्या डोळ्यात पाणी. मी ह्यांचा हात धरला. थंडगार व्हता.

"गेणबा," म्हटलं. परत म्हटलं, "गेणबा, उठा. मी नाव घेतलंय तुमचं."

मग थांबताच येईना. गेणबा, गेणबा. बेचाळीस वरसाचं राखलेलं नाव मी एका दुपारी वापरून टाकलं. पापणी हलली न्हाई.

दुपारच्या फेरीला डाक्टर आला. ब्याटरी लावून डोळं बघितलं आन् कागदावर लिवलं. प्रांजल वाचाय वाकली. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे बाई, त्यो अवेकनचा शब्द येतोय मला आता.

नवनाथ घरी न्यायला गाडी बघाय गेला. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आन् हळूच म्हटलं, अवं.