सुट्टी म्हणजे सुट्टी

वैमानिकाला परदेशी कंपनीत लागून तीन महिने झाले होते. जुन्या कंपनीत चौदा वर्षं त्याने स्टँडबाय काढली होती. म्हणजे बसायचं घरीच, पण फोन वाजला की तासाभरात विमानतळावर हजर. नव्या कंपनीत वीस दिवस तिकडे राहून उडायचं आणि दहा दिवस घरी. त्या दहा दिवसांत कुणी फोन करायचा नाही, असा तिकडचा नियमच होता.

पण याला चैन कुठली! फोन बाथरूममध्येही सोबत, बॅग भरलेली, बूट पॉलिश करून दाराशी.

"अहो, जरा बूड टेकवा," बायको कावली. त्याने टेकवलं आणि लगेच उचललं.

चौथ्या दिवशी दुपारी तो गॅलरीत येरझाऱ्या घालत असताना फोन वाजला. धावत जाऊन त्याने एक बूट चढवलासुद्धा.

"येस सर, निघालोच!"

"कुठे निघालात? पानं वाढलीत," स्वयंपाकघरातून बायको फोनवर म्हणाली. "तीन हाका मारल्या, ओ नाही. म्हटलं, फोनला तरी येतील."