चौथ्या तासाचा ट्यूबा

सिग्ने ब्रेक्केने शेवटी बीसी घेतलं आणि ट्यूबा सोडला. पण हे अजून घडलेलं नाही. सप्टेंबरातला सोमवार आहे, सिग्ने नुकतीच बारावीत आली आहे आणि तिला काही म्हणजे काही ठरवता येत नाहीये. तेव्हा पहिलं वाक्य आपण कोणीच वाचलेलं नाही असं धरून चालू. पोरीला तेवढं सौजन्य दाखवायला हरकत नाही.

विस्कॉन्सिनातल्या लेक टर्निंग गावच्या हायस्कुलात कॅल्क्युलसचे दोन वर्ग असतात. एबी हा नेहमीचा. बीसी म्हणजे तोच एबी, वर अनंत श्रेणी आणि आणखी कायकाय कोंबलेलं, वर्ष मात्र तेवढंच. एबी दुसऱ्या तासाला असतो आणि ज्यांना दुसरा जमत नाही त्यांच्यासाठी पुन्हा सहाव्याला. बीसी फक्त चौथ्याला. बँडही फक्त चौथ्याला. सिग्ने सहावीपासून बँडमध्ये ट्यूबा वाजवत होती. ट्यूबा हे पितळेचं एवढं मोठं वाद्य, की मांडीवर घेतलं की मागचं माणूस आहे की गेलं ते समोरच्याला कळत नाही. शाळेत ते वाजवणारं दुसरं कोणीच नव्हतं.

म्हणजे एबी घेतलं तर ट्यूबा राहतो, बीसी घेतलं तर जातो. वर्ग बदलायची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. आणि शाळेच्या संगणकाने सिग्नेला बीसी आणि बँड दोन्ही देऊन टाकले होते, दोन्ही चौथ्या तासाला. ती वेळापत्रक घेऊन समुपदेशक कॅलहनबाईंकडे गेली.

"दोन्ही एकाच वेळी आहेत, मिसेस कॅलहन."

"हो, आहेत ना."

"मग मी बसू कुठे?"

बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ, तासांची टक्कर झाली की इथे लाल येतं. लाल आलंय का?"

"नाही."

"मग टक्कर नाही."

"पण आहे."

"ते तुझं मत झालं. माझ्याकडे तसं काही आलेलं नाही."

सिग्नेने तो नाद सोडला. "निदान मला झेपेल काय, एबी की बीसी, ते तरी सांगा."

"गणिताच्या चाचणीत किती मिळाले?"

"सत्तर."

बाईंनी एक तक्ता काढला. साठपर्यंत एबी, ऐंशीपासून बीसी. मधल्या रकान्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याशी चर्चा करावी.' बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली. "झाली चर्चा," त्या म्हणाल्या, आणि वाडग्यातली एक पेपरमिंटची गोळी तिच्यापुढे सरकवली.

गोळी चघळत सिग्ने पॉडगोर्स्कीसरांकडे गेली. एबी आणि बीसी दोन्ही तेच शिकवायचे.

"असं आहे, ब्रेक्के," सर म्हणाले. "ज्यांना खात्री असते की बीसी जमेल, ते ऑक्टोबरात रडत एबीत येतात. ज्यांना खात्री असते की जमणार नाही, त्यांचं खरं असतं."

"मला कसलीच खात्री नाहीये, सर."

"मग तू अगदी बरोबर जागी आहेस."

"कुठल्या जागी?"

"ते मला कसं कळणार?"

बँडच्या ओडेगार्डबाईंकडे तर जायलाही लागलं नाही, त्याच समोरून आल्या. शुक्रवारी फुटबॉलची मॅच होती आणि मॅचला शाळेचा बँड वाजायचा. "ट्यूबा नसेल तर वरच्या सुरांनी उभं राहायचं कशावर?" त्या म्हणाल्या. "तरंगायचं?"

बीसीची खोली एकशे तेरा, बँडची एकशे चौदा, मध्ये फक्त कॉरिडॉर. मंगळवारी पॉडगोर्स्कीसर आणि ओडेगार्डबाई त्या कॉरिडॉरमध्ये उभे राहून, दोन शेजारी कुंपणावरून बोलतात तसे बोलले. सरांनी बँडचे कागद मागून घेतले होते आणि पेन्सिलीने हिशेब मांडला होता.

"चव्वेचाळीस मिनिटांचा तास, त्यात तुमचा ट्यूबा एकोणीस मिनिटं वाजतो. उरलेली पंचवीस मिनिटं पोरगी नुसती बसून असते. ती माझी."

"नुसती बसत नाही ती. गप्प राहून आवर्तनं मोजणं हेही वाजवणंच असतं."

"मोजायला मीच शिकवतो की."

बाईंनी आपले कागद परत घेतले आणि एक खुर्ची मागवली. दोन्ही दरवाजे उघडे ठेवले गेले, मधोमध खुर्ची मांडली गेली, खुर्चीवर सिग्ने, सिग्नेवर ट्यूबा, ट्यूबाशेजारी वही. डावीकडे फळा दिसायचा, उजवीकडे ओडेगार्डबाईंची ताल द्यायची काठी. शाळेच्या सफाई कामगाराने तिला एकदा नीट न्याहाळलं आणि तिच्या पुढ्यात 'ओली फरशी'ची पिवळी पाटी आणून ठेवली, म्हणजे येणारेजाणारे वळसा घालून जातील. फरशी कोरडी होती. वळसा सगळ्यांनी घातला.

आणि ते चाललं, हेच नवल. आठ आवर्तनांची विश्रांती असली की एक बेरीज व्हायची, सोळांची असली की अर्धं इंटिग्रेशन. बुधवारी तर तिने एका हाताने ट्यूबा धरून दुसरा हात वर केला आणि शंका विचारली. उत्तर येईपर्यंत तिची वाजवायची जागा आली, म्हणून उत्तर तिने वाजवता वाजवता ऐकलं.

गुरुवारी बत्तीस आवर्तनांची विश्रांती होती. सरांनी फळ्यावर एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असं लिहीत नेलं आणि म्हणाले, प्रत्येक पुढची संख्या लहान होत जाते, तरी ही बेरीज कुठेच थांबत नाही. सिग्नेला ते पटेना. इतके बारके तुकडे, थांबत कसे नाहीत? ती वहीत वाकली. नऊपर्यंत तिने आवर्तनं मोजली होती.

थोड्या वेळाने कॉरिडॉर शांत झाला. बँड थांबला होता. ओडेगार्डबाई दारात उभ्या होत्या.

"ब्रेक्के, आम्ही एकवीस जण तुझी वाट बघतोय."

"एक मिनिट," सिग्ने वर न बघता म्हणाली. ओडेगार्डबाईंना हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

बाई जवळ आल्या. वहीत डोकावल्या. "कळतंय का यातलं काही?"

"नाही."

"मग?"

"मग काय, तेच बघतेय."

बाईंनी वाकडी झालेली पिवळी पाटी सरळ केली. मग आत गेल्या आणि आपल्या खोलीचा दरवाजा लावून घेतला, आवाज न करता.

शाळा सुटल्यावर सिग्ने गावातल्या बंदिस्त बर्फाच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावर गेली. तिचे वडील क्लेटन तिथे बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचे. मोसमाचा पहिला बर्फ धरला होता. ती शेजारी चढून बसली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे बीसीत ट्यूबा नाही," क्लेटन म्हणाला.

"नाही."

"आणि ट्यूबात कॅल्क्युलस?"

"डॅड."

"आपलं विचारलं." त्याने एक फेरी पूर्ण केली, मग तिच्या आतून दुसरी. "मला एक सांग, पोरी. तुझी जागा आली ते तुला ऐकूच गेलं नाही, की ऐकूनही तू वाजवलं नाहीस?"

सिग्नेने मागे वळून नुकता गुळगुळीत झालेला बर्फ पाहिला.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

क्लेटनने गाडी बंद केली. बर्फाच्या मधोमध एक लांबट पट्टा तेवढा खरबरीत राहिला होता. "सहा वर्षं त्या भोंग्याचा आवाज ऐकलाय मी," तो म्हणाला. "घर फार मोकळं वाटणार." मग त्याने गाडी पुन्हा चालू केली, कारण पाच वाजता हॉकीवाले येणार होते.

शुक्रवारी तीनला दहा कमी असताना सिग्नेने कॅलहनबाईंच्या टेबलाशी उभं राहून फॉर्म भरला. बीसीवर खूण केली. बँडवर काट मारली, ती पहिल्यांदा नीट उमटली नाही म्हणून पुन्हा मारली. बाईंनी पडद्यावर पाहिलं. आता तिथे लाल आलं होतं.

फॉर्मच्या तळाशी 'अन्य विनंती असल्यास' असं लिहून चार ओळी सोडलेल्या असतात. त्या आजवर कोणी भरल्या नव्हत्या. सिग्नेने भरल्या.

'माननीय शिक्षण मंडळ, लेक टर्निंग, यांस. वरील विद्यार्थिनीने बीसी निवडले आहे, मात्र तिचा गोंधळ कायम आहे याची नोंद घ्यावी. तरी येत्या सोमवारपासून चौथा तास दररोज दोनदा, आणि तोही एकाच वेळी, भरवण्यात यावा. ते शक्य नसल्यास खोली क्रमांक एकशे तेरा व एकशे चौदा यांमधील कॉरिडॉर काढून टाकण्यात यावा. मंजुरी येईपर्यंत ट्यूबाची खुर्ची आहे तिथेच, पिवळ्या पाटीसह, राखून ठेवावी, ही नम्र विनंती.'